मोठ्या रंध्रांसाठी घरगुती लेप

नाक, नाकालगतचे गाल आणि कपाळ यांवरची ठळक रंध्रे कमी दिसावीत म्हणून घरातल्या जिनसा कालवून चेहऱ्याला लावण्याची रीत. ब्यूटी पार्लरच्या बोलीत या तक्रारीला ‘ओपन पोअर्स’ आणि लेपाला ‘फेसपॅक’ म्हणतात. दिवाळीच्या उटण्याशी त्याचे नाते जवळचे आहे, पण उटणे अंगाला चोळायचे असते, तर हा लेप चेहऱ्यावर नुसता थापायचा असतो.

रंध्र म्हणजे ज्या नळीतून केस उगवतो तिचे त्वचेवरचे तोंड. तैलग्रंथींतले तेल याच वाटेने बाहेर येते. या तोंडाभोवती उघडझाप करणारा स्नायू नसतो. त्यामुळे वाफेने रंध्रे उघडतात आणि बर्फाने मिटतात, ही समजूत खरी नाही. ती किती मोठी असावीत हे बरेचसे अनुवंशाने ठरते. तेल जास्त सुटणे, वयाबरोबर आणि उन्हाने त्वचेचा ताण सैल पडणे ही इतर कारणे. लेप तोंडाशी साठलेले तेल व मळ काढतो, म्हणून रंध्र काही काळ बारीक दिसते. त्याचा आकार कायमचा बदलत नाही. हे आधी माहीत असले की निराशा होत नाही आणि रोज लेप लावून कातडी सोलवटण्याची वेळही येत नाही.

लेपाचा मुख्य घटक मुलतानी माती. तिचे नाव आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान शहरावरून पडले. तेल व पाणी धरून ठेवणारी चिकणमातीची खनिजे तिच्यात असतात. त्यांपैकी माँटमोरिलोनाइट या खनिजाची ओळख मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नावाने नसली तरी गुणाने पक्की आहे: बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या रानात तेच असते. ते पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला भेगा पाडते. पूर्ण वाळलेला लेप चेहऱ्यावर तडकतो तोही असाच आकसून. मात्र शेतातली माती तोंडाला लावू नये. तिच्यात खते, औषधांचे अंश आणि धनुर्वातासारख्या रोगांचे जंतू असू शकतात.

दोन चमचे मुलतानी माती, अर्धा चमचा डाळीचे पीठ आणि मिसळण्यापुरते ताजे दही किंवा गुलाबपाणी एवढे पुरते. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाने वरच्या मृत पेशी हलक्या सुटतात. जालन्याच्या मोसंबीची साल वाळवून घालायची असेल तर ती वस्त्रगाळ हवी. भरड पुडीने बारीक ओरखडे उठतात. हळद चिमूटभरच. ती वसमतच्या हळकुंडांची घरी दळलेली असावी, कारण सुट्या पुडीत रंग उठून दिसावा म्हणून शिशाच्या क्षारांची भेसळ होऊ शकते. जालना मोसंबी आणि वसमत हळद या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

पहिल्यांदा लावताना थोडा लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास पाहावे. चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीची जागा सोडून पातळ थर द्यावा. पुस्तकी कृतींतली 20 मिनिटे मराठवाड्याच्या कोरड्या मे महिन्यात फार होतात; इथे लेप पाच-सात मिनिटांतच कडांनी पांढरा पडू लागतो. तो ओलसर असतानाच, घासून नव्हे तर पाण्याने भिजवून काढावा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारावा आणि लगेच साधे मॉइश्चरायझर लावावे. आठवड्यातून एकदा, फार तेलकट चेहऱ्याला दोनदा पुरे. कालवलेला लेप उरवून ठेवू नये.

लिंबू मात्र टाळावेच. त्याचा रस त्वचेहून कितीतरी पट आम्लधर्मी असतो. शिवाय त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. 42 अंशांच्या उन्हात शेतावर किंवा दुचाकीवर जाणाऱ्या बाईला हा धोका घरात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, म्हणजे अल्कधर्मी. त्याने त्वचेचे संरक्षक कवच बिघडते. पिकलेले मुरूम, इसब किंवा जखम असताना कोणताच लेप लावू नये. रंध्रांत काळे खडे (ब्लॅकहेड्स) वारंवार साठत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ सॅलिसिलिक आम्ल किंवा अडापलीन ही त्वचेला लावायची औषधे देतात. अडापलीन गरोदरपणात वापरत नाहीत.