कागदावर उलगडलेली जुनी प्रवासी विमानं

लॉकहीडचं कॉन्स्टलेशन एल-७४९ हे विमान साधारण २९ मीटर लांब. शंभरपट लहान केलं की २९ सेंटिमीटर, म्हणजे ए-४ कागदाच्या लांबीत जेमतेम बसतं. बसतं खरं, पण त्याच कागदातून कापून-चिकटवून त्याचं मॉडेल उभं करताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

कारण कागदाच्या स्वभावात आहे. कागद एका वेळी एकाच दिशेनं वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो; वाटी होत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’शी (म्हणजे घनाकृतीचा पृष्ठभाग सपाट उलगडून आखण्याशी) झुंजलेल्यांना आणि आयटीआयमध्ये पत्राकाम शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बोइंग ७०७ चा मधला भाग म्हणजे सरळ नळी, तो सोपा. कॉन्स्टलेशनचं धड मात्र माशासारखं. पुढचं चाक फार उंच होऊ नये म्हणून नाक खाली झुकवलेलं, शेपूट वर उचललेली, आणि नळीचा घेर जागोजागी वेगळा. मॉडेल आखणारा मग धडाचे आडवे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा शंकूचा भाग मानून सपाट उलगडतो. नाकाच्या टोकाशी हेही चालत नाही. तिथे पाकळ्या काढाव्या लागतात. ही युक्ती विमानांहून कितीतरी जुनी आहे: वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकारानं १५०७ मध्ये पृथ्वीचा नकाशा अशाच १२ पाकळ्यांत छापला होता, कापून गोलावर चिकटवण्यासाठी.

कापून चिकटवायचे छापील कागद युरोपात एकोणिसाव्या शतकात घरोघरी पोचले. फ्रान्समध्ये एपिनालच्या पेलेराँ छापखान्यानं आणि जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर प्रकाशनानं किल्ले, चर्च, घरं असे ताव विकले. विमानांची खरी लाट दुसऱ्या महायुद्धात आली. धातू आणि रबर युद्धाकडे वळलं आणि खेळण्यांच्या वाट्याला कागद उरला. ब्रिटनमध्ये १९४१ पासून ‘मायक्रोमॉडेल्स’चे पोस्टकार्डाएवढे संच निघाले. अमेरिकेत १९४४ मध्ये व्हीटीज या नाश्त्याच्या ब्रँडनं मुलांना कागदी लढाऊ विमानं देऊ केली. नाकात वजनासाठी एक पेनीचं नाणं घातलं की ती उडायची. प्रवासी विमानांना तेव्हा कोण विचारतो!

कागदी मॉडेलचं गंभीर घराणं तयार झालं ते पूर्व युरोपात. १९५७ मध्ये पोलंडचं ‘मावी मोदेलाश’ आणि चेकोस्लोव्हाकियाचं ‘एबीसी’ ही नियतकालिकं सुरू झाली. प्लॅस्टिकचे परदेशी संच तिथे दुर्मीळ आणि महाग. अंकातले ताव मात्र खिशाला परवडणारे. पोलिश पद्धतीत आत जाड पुठ्ठ्याच्या आडव्या चकत्यांचा सांगाडा आणि वरून छापील कातडी. हे प्रकरण खेळण्यापेक्षा खऱ्या विमानाच्या बांधणीच्या जवळ जातं. तिथे रुळलेलं १:३३ हे प्रमाण लढाऊ विमानांना शोभतं. त्या मापानं कॉन्स्टलेशनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १ मीटर १४ सेंटिमीटरच्या आसपास जातात. मुंबईच्या घरात ते ठेवायचं कुठे? म्हणून प्रवासी विमानांसाठी १:१०० आणि १:१४४ ही मापं जास्त सोयीची.

या सगळ्या काळात आराखडा कंपास, पट्टी आणि त्रिकोणमितीवर निघायचा. १९९३ मध्ये पीडीएफ आली, मग घरोघरी रंगीत प्रिंटर आले, आणि छापखान्याची गरजच संपली. पुढे जपानी ‘पेपाकुरा’सारखी सॉफ्टवेअर त्रिमितीय आकृती आपोआप उलगडून देऊ लागली. आपोआप उलगडलेलं विमान बहुधा त्रिकोणी चिंध्यांचं निघतं, त्यामुळे जाणकार अजूनही धडाचे ते आडवे तुकडे हातानं आखून घेतात. माझं मत विचाराल तर ते बरोबरच करतात. याच काळात जुन्या अंकांचे ताव स्कॅन होऊन फुकट फिरू लागले आणि कॉपीराइटचे वाद पेटले. ते आजही विझलेले नाहीत.

पण पीडीएफनं खरा बदल घडवला तो रंगात. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर आधी रंग द्यावा लागतो, मग डेकल, म्हणजे छापील चिन्हांचे चिकट पापुद्रे, चढवावे लागतात. कागदावर आकार आणि रंग एकदमच छापले जातात. त्यामुळे एकानं कॉन्स्टलेशनचा पांढरा, कोरा आराखडा मोकळा केला की दुसरा त्यावर टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या लाल पट्ट्या चढवतो, तिसरा एअर इंडिया इंटरनॅशनलची नाममुद्रा. एका भूमितीतून अख्ख्या बंद पडलेल्या विमान कंपन्या उभ्या राहतात. १९७१ मध्ये आलेल्या एअर इंडियाच्या जंबोच्या (बोइंग ७४७) प्रत्येक खिडकीभोवतीची ती लाल झरोक्याची महिरप हातानं रंगवायला बसलं तर दिवाळी उजाडेल. कागदावर ती प्रिंटरच काढून देतो.

रंग बदलणं सोपं झालं, तशी चुका पकडणारी मंडळीही वाढली. १९५२ साली सेवेत आलेल्या डी हॅविलंड कॉमेट या ब्रिटिश जेट विमानाच्या खिडक्या चौकोनी, १९५८ च्या कॉमेट-४ च्या गोल. मधल्या अपघातांचा आणि धातूच्या थकव्याचा, म्हणजे वारंवार ताण पडून धातूला तडे जाण्याचा, तो इतिहास. चुकीच्या खिडक्या छापल्या की कुणीतरी टोकतंच.

आपल्याकडचा माणूस बहुधा एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टलेशनकडे वळतो. ८ जून १९४८ रोजी याच कॉन्स्टलेशननं मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडन गाठायला उड्डाण केलं. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ती पहिली नियमित सेवा. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं आणि त्यातले सगळे ४८ जण गेले. कागदावर ते करायचं तर सर्वांत चिकाटीचं काम शेपटीकडे. तिथल्या तीन उभ्या पंखांपैकी एक जरी तिरका बसला, तरी समोरून पाहताना लगेच दिसतं. म्हणून मधला आधी चिकटवावा, फेव्हिकॉल पूर्ण वाळू द्यावा, आणि मग बाजूचे दोन.