गोळी आधी पोहोचली: मराठवाड्यातील मनोविकार आणि फिटच्या औषधांची पार्श्वभूमी

झोपेच्या गोळ्यांची विक्री, मेडिकलमधील नोंदवही आणि चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार यांवरून मराठवाड्यात दर काही महिन्यांनी वाद उठतो. एखाद्या शहरात 'बटन' (नशेसाठी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या) गोळ्यांचा साठा पकडला जातो, औषध निरीक्षकांच्या तपासण्या सुरू होतात, मेडिकलवाले वैतागतात आणि काही दिवस फिटच्या रुग्णालाही गोळ्या मिळेनाशा होतात. मग सगळे पूर्ववत होते. हे चक्र समजून घ्यायचे तर या भागात औषधे कोणत्या क्रमाने आली ते पाहावे लागते. गोळी आधी आली. तिच्यावर लक्ष ठेवणारा डॉक्टर, रक्ताची तपासणी आणि फेरतपासणीची तारीख फार मागून आली, आणि तालुक्याच्या खाली ती अजूनही आलेली नाही.

निजामाच्या राजवटीत मनोरुग्णालय जालन्यात होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर पन्नाशीच्या दशकात ते हैदराबादला हलवण्यात आले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण त्याच्या वाट्याला पुन्हा मनोरुग्णालय आले नाही. पुढे महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच राहिली: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नांदेड किंवा उस्मानाबादच्या कुटुंबाला रुग्ण घेऊन जायचे तर एवढे लांब जावे लागे. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्यासाठी दर्गा, देवस्थान, मांत्रिक किंवा घरातली साखळी उरत असे. अलीकडे जालन्यातच 365 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली, ती या पोकळीनंतर.

जगात याच काळात औषधांचे युग सुरू झाले होते. 1949 मध्ये मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम, 1952 मध्ये तीव्र मनोविकारावरचे क्लोरप्रोमझिन, 1957 मध्ये नैराश्यावरचे इमिप्रामिन, 1963 मध्ये काळजी आणि झोपेसाठीचे डायझेपाम. त्याआधी आपल्याकडची सर्पगंधाही चर्चेत आली होती. वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे कोलकात्याच्या दोघा डॉक्टरांनी 1931 मध्येच लिहिले होते. फिटसाठी तर फेनोबार्बिटल 1912 पासून आणि फेनिटोइन 1938 पासून वापरात आहे. ही दोन्ही स्वस्त असल्याने मराठवाड्यातील खेड्यांत मेंदूच्या औषधांपैकी सर्वात आधी तीच पोहोचली. फेनोबार्बिटलने मुले चिडचिडी आणि अस्थिर होतात, मोठ्यांना सुस्ती येते. फेनिटोइनने हिरड्या सुजतात. 'फिटच्या गोळीने पोरगं मंद झालं' या तक्रारीमागे अनेकदा आजाराइतकाच डोसचाही हात असे, पण तो तपासणारे जवळ कोणी नव्हते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये आणि जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि मोजकी औषधे त्याच्या हाती सोपवायची, ही कल्पना. कल्पना चांगलीच होती. मराठवाड्यातील जिल्हे त्यात टप्प्याटप्प्याने आले आणि तोवर खासगी बाजार पुढे निघून गेला होता. गावातल्या दवाखान्यात 'झोप लागत नाही, धडधड होते, काळजी वाटते' या तिन्ही तक्रारींवर एकच उत्तर स्थिरावले: अल्प्राझोलाम. रक्तदाबाच्या गोळीसोबत ती सुरू होई आणि बंद करायला कोणी सांगत नसे. दोन ते चार आठवड्यांसाठी असलेले औषध दहा-दहा वर्षे घेणारी म्हातारी माणसे प्रत्येक गावात भेटतात.

याच परिस्थितीत 2013 चा निर्णय आला. आजचा बहुतेक गुंता त्यातून निघाला आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. केंद्र सरकारने औषध नियमांत 'एच-1' नावाची नवी अनुसूची (कडक नियमांनी विकायच्या औषधांची यादी) घातली आणि ती 1 मार्च 2014 पासून लागू झाली. तिच्यात 46 औषधे होती. मूळ चिंता प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराची होती, म्हणून यादीत मुख्यत्वे प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे होती. त्यांच्याच पंगतीत झोप आणि काळजीसाठीची अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आणि वेदनाशामक ट्रामाडॉल बसवली गेली. वेष्टनावर लाल रंगात आरएक्सची खूण आणि लाल चौकटीत इशारा, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची.

निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे खूप होते. नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलामचा नशेसाठी होणारा वापर मराठवाड्यातील शहरांत उघड दिसत होता. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात शिंदीमध्ये अल्प्राझोलाम मिसळण्याची प्रकरणे वारंवार निघतात. तिथे शिंदी अचानक बंद झाली की लोक थरथरत, भ्रमात, फिट येऊन दवाखान्यात दाखल होतात. या गोळ्यांची सवय लागते, दारूसोबत त्या श्वास मंदावतात, वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचे प्रमाण वाढवतात, आणि एकाएकी थांबवल्या तर जिवावर बेतू शकते. एवढे सगळे असलेले औषध किराणा मालासारखे विकले जाऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र फक्त धंद्यापुरते नव्हते. चिठ्ठी हवी, हे ठीक. पण ती लिहिणार कोण? मराठवाड्यातील गावागावांत दवाखाना चालवणारे बहुसंख्य डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. आयुर्वेदाच्या पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा राज्याने नव्वदच्या दशकातील आदेशांनी दिली होती. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी 2014 मध्ये, म्हणजे नोंदवही लागू झाली त्याच वर्षी, कायदा दुरुस्त करून औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट उघडली गेली. म्हणजे एका हाताने गोळीवर लाल चौकट आली आणि दुसऱ्या हाताने ती लिहिणाऱ्यांचे वर्तुळ रुंदावले. या दोन निर्णयांचा एकमेकांशी मेळ कोणी घातला नाही. राज्याने मान्यता दिलेला डॉक्टर आणि औषध नियमांतला 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' यांतला फरक काउंटरवर उभ्या मेडिकलवाल्याने ओळखावा, अशी अपेक्षा ठेवली गेली. काहींनी आलेली प्रत्येक चिठ्ठी स्वीकारली, काहींनी हा प्रकारच दुकानातून काढून टाकला. दोन्हींचा तोटा रुग्णालाच झाला. 2025 मध्ये होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या नोंदणीवरून राज्यात पुन्हा संप झाले, तेव्हाही हाच अकरा वर्षांपूर्वीचा प्रश्न रस्त्यावर आला होता.

माझ्या मते या निर्णयाची खरी उणीव आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. वहीत विक्रीची नोंद होते, उपचाराची होत नाही. किती गोळ्या गेल्या हे निरीक्षकाला कळते. त्या किती वर्षे चालू आहेत, कमी कशा करायच्या, हे रुग्णाला कोणी सांगितले का, याची जागा त्या रकान्यांत नाही. तपासणीची मोहीम आली की दुकानदार साठा कमी करतो, आणि वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या माणसाची गोळी एका आठवड्यात तुटते. ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची असते. ते शिकवणारी यंत्रणा आधी उभारून मग नोंदवही आणली असती, तर चित्र बरे दिसले असते.

याच सुमारास दुष्काळ होता. 2012 नंतरची खराब वर्षे आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे सरकारने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत समुपदेशनाचा विशेष प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघरी प्रश्नावली भरली, नैराश्याचे रुग्ण शोधले, त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले. नैराश्यावरील गोळ्या पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर सरकारी दवाखान्यातून गावात गेल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. तरुण वयात सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हाच घरच्यांनी जवळ राहायचे असते, आणि ज्या घरात फवारणीचे औषध हाताशी असते तिथे तर नक्कीच. एवढे समजावून सांगायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ मिळत नाही. पुष्कळ जण दहाव्या दिवशी गोळी सोडतात. याच काळात देशात झालेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के आढळले. सर्वेक्षण झालेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

सुरक्षिततेचे नियम मोठ्या शहरातल्या रुग्णाला समोर ठेवून लिहिलेले असतात, हेही इथे जाणवते. लिथियमचे रक्तातील प्रमाण लिटरमागे साधारण 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंटच्या दरम्यान ठेवावे लागते. घामाने पाणी आणि मीठ गेले की ते वाढते. अंगदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅकनेही वाढते. मे महिन्यात 42-43 अंशांत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला ही दोन्ही कारणे एकाच दिवशी येतात. हात थरथरणे, उलट्या, अडखळती चाल ही विषबाधेची लक्षणे ऊन लागल्याची समजून सोडून दिली जातात. मनोविकाराच्या काही गोळ्यांमुळे तोंड वाकडे होते, अंग ताठरते; त्यावर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक घटू शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला त्या मोजाव्या लागतात. गंगाखेड किंवा भूममधून दर आठवड्याला जिल्ह्याला कोण जाणार?

व्हॅल्प्रोएटचा प्रश्न यापेक्षाही नाजूक आहे. फिट आणि द्विध्रुवी आजार (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) या दोन्हींवर ते गुणकारी आणि सहज मिळणारे औषध. गरोदरपणात घेतल्यास साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या वाढीवर किंवा शिकण्यावर परिणाम होतो. ब्रिटनने 2018 मध्ये गर्भधारणा टाळण्याची हमी असल्याशिवाय ते बाईला देऊ नये, असा कडक नियम केला. आपल्याकडे तेवढी सक्ती नाही. ज्या भागात मुलीचे लग्न लवकर होते आणि फिटचा आजार सासरी लपवला जातो, तिथे पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालेले औषध तसेच माहेराहून सासरी जाते. कार्बामाझेपिन, फेनिटोइन आणि फेनोबार्बिटल या फिटच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, हेही फार थोड्या जणींना सांगितले जाते. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नसते. दिवस राहण्याआधीच डॉक्टरकडून बदलून घ्यायची असते.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यातील एक कलम मराठवाड्यासाठी फार मोलाचे आहे: आवश्यक यादीतील औषधे मानसिक आजाराच्या रुग्णांना ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व सरकारी दवाखान्यांत, सर्वकाळ, मोफत मिळाली पाहिजेत. हा हक्क जिल्ह्याच्या हद्दीत बांधलेला नाही.

हे ऊसतोड कामगारांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, जालना भागातून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. महिन्याभराची फिटची गोळी संपली की फडात ती मिळत नाही, आणि अचानक तुटलेल्या औषधाने न थांबणारे झटके येऊ शकतात. कायद्याप्रमाणे मानसिक आजाराचे रुग्ण शिरोळच्या (कोल्हापूर) किंवा अथणीच्या (कर्नाटक) सरकारी दवाखान्यातही आपली चालू गोळी मागू शकतात; फिट मात्र या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही. अडते ते कागदावर: औषधाचे नाव, डोस आणि ते कधीपासून चालू आहे हे लिहिलेली चिठ्ठी सोबत नसते, आणि नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून, बहुधा वेगळ्या औषधाने, सुरुवात करतो. टोळ्या निघण्याआधी गावच्या उपकेंद्रात अशी चिठ्ठी आणि तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आशाताईंच्या याद्या आधीच तयार आहेत.