इंग्रजी मजकुरात 'कॉन' आले तर : भाषांतर करून घेणाऱ्यांसाठी

'कॉन' या एकाच स्पेलिंगमागे इंग्रजीत तीन वेगळी क्रियापदे आहेत: गंडवणे, घोकणे आणि जहाजाला दिशा देणे. तिघांची मुळे निराळी. त्यामुळे आमचे भाषांतर तपासताना आधी वाक्यातले कर्म पाहा. कर्म माणूस असेल तर फसवणूक, धडा किंवा संवाद असतील तर पाठांतर, जहाज असेल तर दिशा.

फसवणुकीचा अर्थ तिघांत नवा. १८४९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम थॉम्पसन नावाचा भामटा पकडला गेला. 'माझ्यावर विश्वास असेल तर उद्यापर्यंत घड्याळ द्याल का?' असे विचारून तो अनोळखी माणसांची घड्याळे लांबवायचा. वर्तमानपत्राने त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले. पुढे त्याचेच 'कॉन' झाले. इथे कॉन्फिडन्स म्हणजे विश्वास, आत्मविश्वास नव्हे. आधी विश्वास कमावणे हा या शब्दाचा गाभा असल्याने 'लुटले' किंवा 'चोरले' चालत नाही. पुढे 'इन्टू' असेल तर 'भुलवून करायला लावले', 'आउट ऑफ' असेल तर 'गंडवून उकळले'.

पोलीस जबाबात विशेष काळजी हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये शब्द 'चीटिंग' आहे. 'कॉन' ही बोलीतली भाषा. म्हणून साक्षीदाराच्या तोंडी आम्ही 'गंडवले' ठेवतो. तिथे कलमाचा शब्द घातला, तर गुन्हा कोणता हे भाषांतरकारानेच ठरवल्यासारखे होते.

पाठांतराचा अर्थ जुन्या इंग्रजीतला, 'कॅन' आणि 'कनिंग' यांच्या कुळातला. शेक्सपिअरच्या नाटकांत, जुन्या कवितांत तो भेटतो, आज क्वचितच. यांत्रिक भाषांतर बहुधा इथेच घसरते आणि नट संवाद 'पाठ करण्या'ऐवजी 'फसवू' लागतो. संदर्भानुसार 'घोकणे', 'पाठ करणे' किंवा 'बारकाईने वाचणे' घ्यावे.

जहाजावर 'कॉन' करणारा स्वतः चाक धरत नाही, तो सुकाणूवाल्याला हुकूम देतो. 'सुकाणू धरले' हे भाषांतर म्हणून चूकच. अमेरिकी नौदल या अर्थी शेवटी दोन 'एन' लिहिते, ही सोपी खूण. पाणबुडीचा 'कॉनिंग टॉवर' यातूनच आला.

नाम म्हणून 'कॉन' कैदी, तोटा किंवा संमेलनही असू शकते. त्यामुळे सुटा शब्द किंवा अर्धे वाक्य पाठवू नका. मागचे-पुढचे वाक्य, मजकुराचे साल आणि बोलणारा कोण, एवढे सोबत द्या.