दोन धातूंच्या मधला थर: मेकॅनिकल मॉडच्या कॉन्टॅक्टची पार्श्वभूमी

मेकॅनिकल मॉड हे व्हेपिंगचं, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढण्याचं, सगळ्यात साध्या रचनेचं उपकरण. धातूची नळी, आत लिथियम-आयनचा सेल, तळाशी बटण आणि वर द्रवाची वाफ करणारी कॉइल. मध्ये ना चिप, ना प्रवाहाला आवर घालणारी कसली यंत्रणा. सेलमधून निघालेला सगळा प्रवाह बटणाच्या टोकातून, वरच्या पिनमधून आणि नळीच्या आट्यांतून फिरतो. त्यामुळे इथे कॉन्टॅक्ट, म्हणजे धातू धातूला टेकतो त्या संपर्काच्या जागा, पुसून ठेवणं हे दिसण्यासाठी करायचं काम राहत नाही. धातूवर चढणारा थर विजेला अडवतो, हा त्यामागचा प्रश्न विजेच्या प्रयोगांइतकाच जुना आहे. इंजिनिअरांनी त्याची उत्तरं शोधली, पण या नळीत त्यांतली फारच थोडी पोचली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

धातू हवेत उघडा राहिला की त्यावर थर चढतो. १८३० च्या दशकात मायकेल फॅरडे आणि अमेरिकेतला जोसेफ हेन्री यांनी प्रयोगांत पाऱ्याच्या वाट्या वापरल्या. तारेचं टोक पाऱ्यात बुडालं की पक्का संपर्क मिळे. १८३३ मध्ये फॅरडेला आढळलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की वीज जास्त सहज वाहून नेतं. धातूंचं वागणं याच्या नेमकं उलटं असतं. देव्हाऱ्यातली चांदी काळवंडते तो थर याच पदार्थाचा.

तारयंत्राच्या कळीवर पारा सोयीचा नव्हता, तिथे प्लॅटिनमची टोकं आली. महाग, पण न गंजणारी आणि ठिणग्यांपुढे टिकणारी. काही शास्त्रज्ञांनी सदोष संपर्कच कामाला लावला. डेव्हिड ह्यूजने १८७८ मध्ये सैल टेकलेल्या कार्बनपासून मायक्रोफोन बनवला. १८९० मध्ये पॅरिसच्या एदुआर ब्रान्लीने दाखवलं की एरवी वीज न जाऊ देणारा धातूचा कीस जवळ ठिणगी पडताच वाहक होतो. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच संपर्कांवर काम करून रेडिओ लहरी टिपणारी उपकरणं घडवली.

याचं शास्त्र नीट बांधलं ते राग्नार होल्म या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने, बर्लिनला सीमेन्समध्ये असताना. कितीही गुळगुळीत केलेले दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात, आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो. ठिपक्यांवर ऑक्साइड असेल तर वाट आणखी अरुंद होते. दाब वाढवला की ठिपके रुंदावतात, म्हणून स्प्रिंगचा जोर महत्त्वाचा. विद्युत संपर्कांवरची आंतरराष्ट्रीय परिषद आजही होल्मच्या नावाने भरते.

या ज्ञानाचा मोठा उपयोग टेलिफोन एक्स्चेंजने केला. तिथे हजारो संपर्क रोज उघडत-मिटत. पॅलेडियमसारखे न गंजणारे धातू वापरले गेले. टोकं नुसती टेकू न देता थोडी घासत येतील, म्हणजे थर आपोआप खरवडला जाईल, अशी रचना झाली. १९३० च्या दशकात बेल लॅब्समध्ये संपर्काच्या पात्या काचेच्या नळीत बंद करून हवेचा प्रश्नच मिटवला गेला.

मॉडचं घराणं वेगळं, ते टॉर्चचं. नळीच्या आकाराच्या हातटॉर्चचं पेटंट डेव्हिड मिसेलला जानेवारी १८९९ मध्ये अमेरिकेत मिळालं. चीनमध्ये फार्मसिस्ट होन लिक यांची ई-सिगारेट २००३ नंतर बाजारात आली, पण तिचा छोटा सेल पटकन संपे. मग हौशी लोकांनी टॉर्चच्या नळ्यांत मोठे सेल बसवायला सुरुवात केली. २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘स्क्रूड्रायव्हर’ हा सुरुवातीच्या मॉडपैकी प्रसिद्ध. पुढे तांब्या-पितळेचे मॉड आले. फिलिपिन्समधल्या कारागिरांनी त्यात नाव कमावलं.

टॉर्चचा साधा बल्ब ०.३ अँपिअर घेतो. संपर्कात ०.०५ ओहम रोध आला तरी ०.०१५ व्होल्ट जातील, उजेडात फरकही कळणार नाही. मॉडमध्ये ०.२ ओहमची कॉइल आणि ४.२ व्होल्टचा भरलेला सेल धरू. आदर्श स्थितीत २१ अँपिअर वाहतील. तेवढाच ०.०५ ओहम मळ मध्ये आला तर प्रवाह १६.८ अँपिअरवर येतो आणि सुमारे १४ वॉट उष्णता कॉन्टॅक्टवरच तयार होते. बटण तापतं ते यामुळे. प्रवाह पोलादी स्प्रिंगमधून वाट काढू लागला तर ती तापून तिचा ताण जातो, दाब कमी होतो आणि रोध आणखी वाढतो. शिवाय बटण दाबता-सोडताना ठिणगी पडते, टोकाला खड्डे पडून काजळी धरते. पूर्वी गावोगावचे मेकॅनिक जुन्या स्कूटरचे पॉइंट, म्हणजे इग्निशनमधले उघडमीट करणारे संपर्क, पॉलिश पेपरने घासत, ते याच काजळीसाठी.

देखभालीची पद्धत यातूनच ठरली. आधी सेल बाहेर काढायचा. टोकं आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे. काजळी निघत नसेल तर खोडरबर किंवा बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. चांदीचा मुलामा असेल तर पेपर नकोच. स्टील वूल मात्र कधीही नको, त्याचा एखादा तंतू आत राहिला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकतं. वीज अडवणारा इन्सुलेटर वितळला आहे का आणि सेलचं वेष्टन कुठे फाटलं आहे का, हेही तेव्हाच बघायचं.

मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये व्हेपचा स्फोट होऊन एकाचा जीव गेला. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली.

मळलेला संपर्क नकळत प्रवाहाला ब्रेकही लावतो. ०.१ ओहमच्या कॉइलला लख्ख कॉन्टॅक्टमधून गणिताने ४२ अँपिअर मिळू पाहतात, तर अनेक सेलची सततची मर्यादा २० ते ३० अँपिअरच असते. म्हणून पुसल्यावर कॉइलचा रोध मीटरवर मोजायचा, सेलच्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि मगच सेल आत घालायचा.