मुटुबाची साल आणि युगांडाचे कलाकार

खोडाची साल चारी बाजूंनी गोल काढली की झाड मरतं हे आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला माहितीये, कारण पानांनी बनवलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं आणि तो रस्ता तुटला की मुळं उपाशी. पण युगांडात मुटुबा नावाचं झाड आहे, त्याची साल पुन्हा पुन्हा काढतात तरी ते जगतं, आणि मला याचं फार नवल वाटतं.

मुटुबा म्हणजे फायकस नटालेन्सिस, आपल्या वड-पिंपळ-उंबराच्या गोतातलंच. बुगांडा या युगांडातल्या जुन्या राज्यातले कारागीर पावसाळ्यात वरची खरबरीत साल खरवडून टाकतात, मग वर, खाली आणि एक उभा काप देऊन आतली साल अख्खीच्या अख्खी सोडवतात. लाकडाला चिकटून कॅम्बियम नावाचा जिवंत पेशींचा पातळ थर उरतो, तो वाळला तर संपलंच, म्हणून उघड्या खोडाला लगेच केळीची पानं गुंडाळतात, आत ओल टिकते आणि हळूहळू नवी साल धरते.

काढलेली साल मग खाचा पाडलेल्या लाकडी मोगऱ्यांनी तासन्‌तास बडवायची, तेही छपराखाली, कारण उन्हात ती फार लवकर सुकते. सूत नाही, माग नाही, तंतू नुसते ठोकून पसरतात, साल रुंद आणि मऊ होत जाते, शेवटी उन्हात वाळवली की विटकरी रंग चढतो. राजघराण्यापासून सामान्य माणसापर्यंत सगळ्यांचं हे कापड, पण 19व्या शतकात अरब व्यापाऱ्यांनी सुती कापड आणलं आणि याची मागणी घटली. 2005 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून मान दिला.

आता हीच साल नव्या कलाकारांच्या हातात आलीये. 2022 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, युगांडाचं पहिलंवहिलं राष्ट्रीय दालन होतं, तिथे अकाये केरुनेन आणि कॉलिन सेकाजुगो या दोघांचं काम होतं आणि दालनाला परीक्षकांकडून विशेष उल्लेख मिळाला. सेकाजुगोच्या चित्रांत सालीचं कापड असतं. केरुनेनची पद्धत मला जास्त भावते, ती गावोगावच्या विणकर बायांकडून चटया-टोपल्यांचं काम करून घेते, मग ते उसवून, जोडून, शिवून भिंतभर शिल्पं उभी करते, त्यात सालीचं कापड, राफिया नावाच्या ताडाचे तंतू, केळीचा सोपट आणि चक्क ज्वारीची सोललेली ताटंसुद्धा असतात, आपल्याकडे ज्यांचा कडबा होतो तीच.