तंत्रज्ञान ‘आत्मसात’ झाले का? एका रकान्याची पार्श्वभूमी

धोरण आखण्यापूर्वी कंपनीने स्वतःजवळच्या तंत्रज्ञानाचा आढावा घ्यावा, यावर आज फारसा वाद नाही. भारतात मात्र अशा आढाव्याची लेखी सक्ती, म्हणजे कंपनीच्या संचालकांच्या वार्षिक अहवालातला एक रकाना, आली ती नियोजनापेक्षा परकीय चलनाच्या चणचणीतून. परवाना-काळात, म्हणजे उद्योगांना सरकारी परवाने लागत तेव्हा, परदेशी सहयोगाच्या करारांना सरकारी मंजुरी लागे आणि तेच ते तंत्रज्ञान पुन्हा विकत आणले जाते, ही तक्रार कायम असे. १९८३ च्या तंत्रज्ञान धोरण निवेदनाने स्वावलंबनावर भर दिला. १९८६ च्या कायद्याने तंत्रज्ञान-आयातीसाठी दिल्या जाणाऱ्या रकमेवर उपकर बसवला, तो २०१७ मध्ये रद्द झाला.

कंपनी कायद्याखालील १९८८ च्या नियमांनी संचालकांच्या अहवालाला एक नमुना जोडला. गेल्या ५ वर्षांत कोणते तंत्रज्ञान आयात केले, ते पूर्णपणे आत्मसात झाले का, झाले नसल्यास कोठे आणि का राहिले व पुढे काय करणार, असे प्रश्न त्यात होते. प्रश्न नेमके होते. घोळ होता तो ‘आत्मसात’ या शब्दात. परदेशी तंत्रज्ञ परत गेल्यावरही यंत्र चालते, म्हणजे काम झाले, असे उत्पादन विभाग म्हणू शकत होता. खरेदी विभागाच्या लेखी सुटे भाग देशात मिळू लागणे हीच कसोटी होती. तर मूळ आराखडा बदलून नवे उत्पादन काढता येईपर्यंत अभियंत्याला ‘हो’ म्हणणे जड जाई. नियोजनाच्या दृष्टीने यांतला शेवटचा अर्थच खऱ्या उपयोगाचा होता, परंतु नमुन्यात व्याख्या नसल्याने ‘होय’ एवढे लिहूनही रकाना भरत असे. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांनी ५ वर्षांची मुदत ३ वर्षांवर आणली. शब्द तोच ठेवला.

दरम्यान लेखापरंपरेने वेगळीच मोजणी रूढ केली. २००३ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालेल्या अमूर्त मालमत्तेच्या (पेटंट, सॉफ्टवेअर यांसारख्या हाताला न लागणाऱ्या मालमत्तेच्या) लेखामानकानुसार संशोधनाच्या टप्प्यावरील रक्कम मालमत्ता न धरता त्याच वर्षीचा खर्च म्हणून दाखवली जाते आणि कर्मचाऱ्यांचे कौशल्य, त्यावर कंपनीचे पुरेसे नियंत्रण नसल्याच्या कारणास्तव, सहसा मालमत्ता ठरत नाही. म्हणजे तंत्रज्ञान ज्यांच्या हातात मुरले, तेच ताळेबंदाबाहेर राहिले.

संगणक आल्यावर आढावा म्हणजे यंत्रांची यादी, असा समज बळावला. २०१३ च्या कायद्याच्या परिशिष्टात लॅपटॉप-डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे, तर सर्व्हर व नेटवर्कचे ६ वर्षे धरले आहे, आणि जुनी यंत्रे बदलण्याचे वेळापत्रक गरजेपेक्षा या घसारा-तक्त्यावरून (यंत्राची किंमत किती वर्षांत घटली असे धरायचे त्या तक्त्यावरून) बांधण्याचा मोह सोपा असतो. क्लाउड सेवांनी ही यादीही अपुरी पाडली: वर्गणी भरून वापरलेली प्रणाली साधारणपणे खर्चात जाते, मालमत्ता नोंदवहीत तिची ओळ नसते, मग कंपनीचा सारा कारभार तिच्यावर का चालेना. परदेशी सेवादात्याची अशी प्रणाली आयात तंत्रज्ञानाच्या रकान्यात लिहावी का, याविषयी नियमात वेगळा शब्द नाही. आणि लिहिली, तरी जिचा गाभा ग्राहकाच्या हाती येतच नाही ती ‘आत्मसात झाली का’, हा प्रश्न तिला कसा लावायचा, हे अनिर्णितच आहे.