प्रोसेसर–ग्राफिक्स कार्ड जोडी आणि खेळाचा फ्रेम रेट

संगणकावरील व्हिडिओ गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रे (फ्रेम) उमटतात, हे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंपैकी त्या क्षणी मागे पडणाऱ्या घटकावरून ठरते. या परस्परावलंबनाचे आणि त्यानुसार दोन्ही घटक जुळवून निवडण्याच्या व्यवहाराचे विवेचन या नोंदीत केले आहे. मागे पडणाऱ्या घटकाला खेळणारे आणि दुकानदार ‘बॉटलनेक’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील सुट्या भागांच्या बाजारातही हाच शब्द चालतो. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नसल्याने येथे ‘कोंडी’ हा शब्द योजला आहे.

प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर कीबोर्ड व माऊसची हालचाल वाचतो, शत्रुपात्रांनी काय करावे ते ठरवतो, टकरींचे गणित सोडवतो आणि दृश्यात नेमके काय काढायचे याच्या आज्ञा तयार करतो. या आज्ञांना ड्रॉ कॉल म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञांनुसार त्रिकोण मांडते, त्यांवर टेक्स्चर (पृष्ठभागाचे चित्र) चढवते, प्रकाश व सावल्यांचा हिशेब करते आणि पिक्सेल रंगवते. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, म्हणून दोन फ्रेममधले अंतर हे दोन्ही टप्प्यांच्या वेळांची बेरीज नसून त्यांपैकी जी वेळ मोठी तिच्याएवढे असते. या विषयातील बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्याने होतात.

समजा, एखाद्या खेळातील बाजारपेठेच्या दृश्यात प्रोसेसरला दर फ्रेममागे ८ मिलिसेकंद लागतात आणि १९२० × १०८० रिझोल्यूशनला (पडद्यावरील पिक्सेलांच्या संख्येला) कार्डाला ५ मिलिसेकंद लागतात. फ्रेम ८ मिलिसेकंदांनी येईल, म्हणजे सेकंदाला १२५ फ्रेम पडतील. आता दुप्पट वेगाचे कार्ड बसवले तर कार्डाचा वेळ अडीच मिलिसेकंदांवर येईल, पण फ्रेम १२५ च राहतील; नवे कार्ड उरलेला वेळ वाट पाहण्यात घालवील. जुने कार्ड तसेच ठेवून रिझोल्यूशन ३८४० × २१६० केले, तर पिक्सेलांची संख्या २०,७३,६०० वरून ८२,९४,४०० होते, म्हणजे बरोबर चौपट. कार्डाच्या कामाचा काही भाग पिक्सेलांवर अवलंबून नसल्याने त्याचा वेळ चौपटीपेक्षा थोडा कमी वाढेल. तो १८ मिलिसेकंद धरला तर फ्रेम ५५ च्या आसपास येतात. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच, ८ मिलिसेकंदांचेच राहते आणि वाट पाहण्याची पाळी आता त्याच्यावर येते. जोडी तीच आणि खेळ तोच असूनही केवळ एक सेटिंग बदलल्याने कोंडी एका घटकाकडून दुसऱ्याकडे गेली.

म्हणून ‘अमुक प्रोसेसर तमुक कार्डाला अडवतो’ हे विधान खेळ, रिझोल्यूशन आणि अपेक्षित फ्रेम रेट सांगितल्याशिवाय अपुरे असते. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या स्पर्धात्मक खेळांत दृश्य साधे आणि अपेक्षा सेकंदाला २४० फ्रेमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जेमतेम ४.१७ मिलिसेकंद मिळतात. तेथे भार प्रोसेसरवर पडतो. सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून दृश्य रंगवण्याची पद्धत) पूर्ण चढवल्यास बहुतेक कार्डेच आधी दमतात. प्रोसेसर व कार्डाची नावे टाकली की कोंडीची एकच टक्केवारी सांगणारे ऑनलाइन गणकयंत्र सर्रास वापरले जाते, परंतु त्या एका आकड्याला तांत्रिक आधार देता येत नाही. त्यावर विसंबून खर्चाचा निर्णय घेणाऱ्याचे खरे नुकसान होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या कल्पनेची मुळे खेळांच्या बाहेर आहेत. संगणक-अभियंता जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा जो भाग विभागून करता येत नाही तोच एकूण वेगवाढीची मर्यादा ठरवतो. प्रोसेसर व स्मृती यांच्यातील अरुंद मार्गाला संगणकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात ‘फॉन नॉयमन बॉटलनेक’ म्हटले. खेळांच्या चर्चेत हा शब्द नेमका केव्हा आला हे सांगणे कठीण असले, तरी प्रवेगक कार्डे घरोघरी पोहोचल्यानंतरच, म्हणजे साधारणपणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तो रुळला असावा. कारण त्यापूर्वी जोडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९९६ चा क्वेक हा खेळ प्रथम संपूर्णपणे प्रोसेसरवरच चालत असे. त्यात टेक्स्चर दृष्टिरेषेप्रमाणे बसवण्यासाठी दर १६ पिक्सेलांमागे एक भागाकार करावा लागे आणि तो भागाकार इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या अपूर्णांक एककात (दशांश अपूर्णांकांचे गणित करणाऱ्या भागात) चालू असतानाच पूर्णांक एककाकडून मधले पिक्सेल रंगवून घेण्याची युक्ती योजलेली होती. सिरिक्स ६एक्स८६ हा प्रोसेसर कचेरीच्या कामात पेंटियमच्या तोडीस तोड असूनही त्याचे अपूर्णांक एकक कमजोर होते, आणि क्वेकमध्ये तो स्पष्टपणे मागे पडे. एकाच प्रोसेसरची कामगिरी कामागणिक कशी पालटते, याचा हा जुना आणि अजूनही बोलका दाखला आहे.

त्याच वर्षी आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने पिक्सेल रंगवण्याचे काम स्वतःकडे घेतले. त्रिकोणांचे स्थानांतर व प्रकाशाचा हिशेब मात्र प्रोसेसरकडेच राहिला. ही वाटणी १९९९ मध्ये बदलली. एनव्हीडिया या कंपनीने त्या वर्षी जीफोर्स २५६ हे कार्ड ‘जगातील पहिला जीपीयू’ (ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट) म्हणून जाहीर केले. स्थानांतर, प्रकाशगणना, त्रिकोण-मांडणी व रंगकाम एकाच चिपवर करणारा आणि सेकंदाला किमान १ कोटी बहुभुज हाताळणारा प्रोसेसर, अशी जीपीयूची व्याख्याही कंपनीने दिली. हा दावा शब्दशः स्वीकारता येत नाही. सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनमधील चित्रचिपला जीपीयू हेच नाव दिले होते आणि ग्राफिक्ससाठीच्या वेगळ्या प्रोसेसरांची कल्पना त्याहूनही जुनी आहे. एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने २००२ मध्ये रेडिऑन ९७०० साठी ‘व्हीपीयू’ हे पर्यायी नाव पुढे केले, ते टिकले नाही. संज्ञेचा पहिला वापर एनव्हीडियाचा नव्हे, मात्र ती आज ज्या अर्थाने वापरली जाते तो अर्थ १९९९ नंतरच स्थिरावला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व नावाला नसून वाटणीला आहे: भूमितीचे गणित प्रोसेसरकडून सुटल्यावर त्याच्याकडे खेळाचे तर्क आणि आज्ञांची तयारी ही दोन कामे उरली, आणि आजही मुख्यतः तीच आहेत.

या दोन कामांची विभागणी अनेक कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाघटकांवर) सहज होत नाही. खेळाचा मुख्य थ्रेड (क्रमाने चालणाऱ्या कामाचा धागा) इतर थ्रेडना काम वाटून देतो आणि त्यांचे निकाल येईपर्यंत थांबतो. ॲमडाल यांचा युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू पडतो. मुख्य थ्रेडचे अविभाज्य काम ६ मिलिसेकंदांचे असेल तर ८ कोअरच्या जागी १६ कोअर आणूनही फ्रेम त्याहून लवकर येणार नाही. १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरलेला असेल तर एकूण वापरात त्याचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. त्यामुळे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसतो म्हणून तो अडवत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्यापेक्षा कार्डाचा वापर पाहावा. तो ९७ ते ९९ टक्के असेल तर कोंडी कार्डाची. तो त्याहून बराच खाली असेल आणि फ्रेमवर मर्यादाही घातलेली नसेल, तर कोंडी बहुधा प्रोसेसर, रॅम (संगणकाची मुख्य स्मृती) किंवा ड्रायव्हरकडे (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) असते.

कॅशेचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील लहान पण वेगवान स्मृतीचे, महत्त्व तुलनेने उशिरा ध्यानात आले. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये आणलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा ५८००एक्सचाच भाऊ: कोअर तेच ८, कमाल वेग मात्र ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. फरक एवढाच की चिपवर आणखी एक थर चढवून त्याचा तिसऱ्या पातळीवरील कॅशे ३२ वरून ९६ मेगाबाइट केलेला होता. चित्रफीत रूपांतर करण्यासारख्या कामात तो किंचित हळू ठरला आणि खेळांत मात्र सामान्यतः स्पष्टपणे पुढे गेला. खेळाचे तर्क विखुरलेल्या नोंदी सतत वाचत असतात आणि रॅमपर्यंत जाऊन येण्यात प्रोसेसरची शेकडो आवर्तने वाया जातात. कॅशेत सापडलेली प्रत्येक नोंद ही फेरी वाचवते.

प्रोसेसर व कार्ड यांच्यामधला ड्रायव्हर हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतून खेळ कार्डाला आज्ञा देतो; तिच्या ११ व्या आवृत्तीपर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक ड्रॉ कॉलमागे ड्रायव्हरला बरीच तपासणी करावी लागे आणि ते काम बव्हंशी एकाच थ्रेडवर साचे. एएमडीने २०१३ मध्ये मँटल ही पर्यायी व्यवस्था जाहीर केली. तिचा लाभ प्रबळ कार्डाला दुबळा प्रोसेसर जोडलेल्या ठिकाणी अधिक दिसला, यावरूनच खर्च कोठे होत होता ते कळते. पुढे २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये मँटलच्या पायावर उभी राहिलेली व्हल्कन ही व्यवस्था आली. डायरेक्टएक्स ११ च्या काळात दुबळ्या प्रोसेसरबरोबर एनव्हीडियाचा ड्रायव्हर सरस मानला जाई, कारण तो काम अनेक थ्रेडवर पसरवत असे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत डायरेक्टएक्स १२ च्या खेळांत चित्र उलटे दिसले: जुन्या प्रोसेसरबरोबर एनव्हीडियाची वरच्या दर्जाची कार्डे एएमडीच्या कार्डांपेक्षा मागे पडत होती. एनव्हीडियाने २०१२ च्या केप्लर रचनेपासून आज्ञांचे नियोजन हार्डवेअरमधून काढून सॉफ्टवेअरकडे दिले, हे त्याचे कारण म्हणून वारंवार सांगितले जाते. परंतु ते नियोजन शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) संकलित होताना एकदाच होते, दर फ्रेमला नव्हे. त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे वाटते आणि ड्रायव्हरच्या रचनेतच कारण शोधणारे मत अधिक ग्राह्य दिसते. एएमडीने मे २०२२ मध्ये आपल्या डायरेक्टएक्स ११ ड्रायव्हरमध्ये मोठी सुधारणा जाहीर केली, त्यामुळे जुनी तुलनाही जशीच्या तशी उरलेली नाही. इंटेलचे आर्क बी५८० हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा नव्या प्रोसेसरवर त्याची प्रशंसा झाली, पण काही वर्षे जुन्या मध्यम प्रोसेसरांबरोबर ते अपेक्षेपेक्षा खाली उतरत असल्याचे लगोलग आढळले. स्वस्त कार्ड हे बहुधा जुन्याच संगणकात बसवले जाते, म्हणून ही त्रुटी ग्राहकाच्या दृष्टीने गंभीर होती.

मदरबोर्डवरील जोडणीचाही वाटा असतो, पण तो बहुधा लहान असतो. जानेवारी २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याला ठळक अपवाद आहे. त्याला पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चारच लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) आणि स्वतःची स्मृती अवघी ४ गिगाबाइट. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर जेमतेम ४. टेक्स्चर ४ गिगाबाइटमध्ये मावेनासे झाले की कार्ड रॅमकडे धाव घेते आणि जुन्या मदरबोर्डवर फ्रेम रेट एकदम कोसळतो. कार्डाची संपूर्ण स्मृती प्रोसेसरला एकसंध दिसू देणारी रिसायझेबल बार ही सोय २०२० नंतर प्रचारात आली. तोपर्यंत २५६ मेगाबाइटचा झरोका हीच रूढ मर्यादा होती. इंटेलच्या आर्क कार्डांना ही सोय जवळजवळ अनिवार्य आहे, इतरांना तिचा लाभ खेळागणिक बदलतो.

मोजणीच्या पद्धतीने जोडीविषयीच्या समजुती बऱ्याच बदलल्या. पूर्वी फक्त सरासरी एफपीएस (सेकंदाला पडणाऱ्या फ्रेम) दिला जाई. स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळावरून प्रत्येक फ्रेमची वेळ स्वतंत्रपणे मांडण्याचा आग्रह धरला आणि सरासरी ६० असूनही खेळ अडखळत का वाटतो याचा उलगडा झाला: एका सेकंदातील ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांच्या आणि एक ११५ मिलिसेकंदांची असेल तरी सरासरी ६० च भरते, आणि डोळ्याला मात्र तो एक धक्काच जाणवतो. सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवरून काढलेला ‘१ टक्का लो’ हा आकडा तेव्हापासून रूढ होत गेला. दुबळा प्रोसेसर सरासरीपेक्षा या आकड्यात आधी उघडा पडतो. प्रोसेसरच्या परीक्षणात सर्वांत प्रबळ कार्ड आणि १०८० पी (१९२० × १०८०) रिझोल्यूशन वापरतात ते कार्डाची कोंडी दूर सारण्यासाठी. एवढ्या प्रबळ कार्डावर लोक ४के (३८४० × २१६०) वर खेळतात, १०८० पी वर कोणी खेळत नाही म्हणून ही चाचणी निरर्थक, हा आक्षेप तिचा हेतू न समजल्याने घेतला जातो.

एनव्हीडियाच्या डीएलएसएस (२०१८) व एएमडीच्या एफएसआर (२०२१) या तंत्रांनी ४के वर खेळणाऱ्यांसाठीही हा प्रश्न पुन्हा उघडला. दृश्य आत कमी रिझोल्यूशनला रंगवून मग मोठे केले जात असल्याने कार्डाचा भार उतरतो आणि कोंडी प्रोसेसरकडे सरकते. पडद्यावर ४के दिसत असले तरी डीएलएसएसच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये कार्ड प्रत्यक्षात १०८० पी चेच पिक्सेल रंगवत असते. २०२२ पासूनचे फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डावरच एक किंवा अधिक फ्रेम तयार करते. त्यात प्रोसेसरला जवळजवळ काम नसते, म्हणून अडलेल्या प्रोसेसरवरही आकडा वाढतो. मात्र माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच गतीने येतो, त्यामुळे या आकड्याची साध्या फ्रेम रेटशी तुलना करू नये.

कोंडी कार्डाकडे असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या आज्ञा रांगेत लावत जातो. डायरेक्टएक्सच्या मूळ व्यवस्थेत ही रांग तीन फ्रेमपर्यंत असू शकते आणि तेवढा विलंब बटण दाबल्यापासून दृश्य बदलेपर्यंतच्या वेळेत मिसळतो. फ्रेम रेटला कार्डाच्या कुवतीच्या किंचित खाली मर्यादा घातली की रांग साचत नाही. एनव्हीडियाची रिफ्लेक्स ही २०२० ची व्यवस्था खेळाच्या आतूनच हे साधते.

लॅपटॉपमध्ये जोडी बदलता येत नाही आणि प्रोसेसर व कार्ड यांना वीज व शीतकरण बहुधा सामाईक असते. कार्डाला जास्त वॉट दिले की प्रोसेसरचे कमी होतात, आणि त्याच नावाचे कार्ड दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या वॉटमर्यादेवर चालत असल्याने केवळ नावांवरून केलेली तुलना तेथे फसते.